तिसरं रीडिंग

आज सकाळी या वर्षातला पहिला पंखा लावला. तीन-चार महिन्यांची धूळ पात्यांवर बसली होती, ती सगळी अंथरुणावर आली, मग पंख्यानं थोडी कुरकुर केली आणि चालू लागला. रजया गच्चीवर उन्हात टाकल्या. खालच्या कडुनिंबानं पानं झाडायला घेतली आहेत. गच्ची झाडून जिना उतरावा तोवर पुन्हा तेवढीच पानं. आमच्या शहरातली थंडी अशीच जाते. कालपर्यंत स्वेटर होता, आज दुपारी माठ काढावासा वाटतो. मधले दिवस आम्हाला कुणी दिलेलेच नाहीत.

या दिवसांत लोकांना आंब्याचा मोहोर आठवतो, पळस आठवतो. मला बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा आठवते आणि रंगनाथ भावजींच्या उजव्या हाताची दोन बोटं आठवतात. दोन्ही गोष्टी एकमेकींत अशा अडकल्या आहेत की एक ओढली की दुसरी येतेच. पस्तीस वर्षं होत आली. यंदापर्यंत मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं.

मी केमिस्ट्री शिकवायची. ज्युनिअर कॉलेजात, अकरावी-बारावीला. ज्यांनी सायन्स केलं त्यांना ब्युरेट आठवत असेल, खाली तोटी असलेली उभी काचेची नळी. तिच्यातून थेंब थेंब द्रावण सोडायचं, खालच्या चंबूतला रंग बदलला की तोटी बंद करायची आणि किती द्रावण खर्च झालं ते वाचायचं. हे तीनदा करायचं. तिन्ही आकडे जुळले पाहिजेत. आता पहिलं रीडिंग पोरं मन लावून घेतात, डोळे बारीक करून. दुसरं निम्म्या मनानं. तिसरं कुणीच घेत नाही. दुसऱ्याचा आकडा तिसऱ्याच्या रकान्यात उतरवून मोकळी होतात आणि ब्युरेट धुवायला लागतात.

मला ते लगेच कळायचं. खोटा आकडा फार सुबक अक्षरात लिहिलेला असतो. मी वही घ्यायची, पानावर आडवी रेघ मारायची आणि पोराला पुन्हा ब्युरेटपुढं उभं करायची. 'मॅडम, सारखंच येणार आहे ना,' असं म्हणणारा दर वर्षी एक तरी निघायचा. त्याला मी सांगायची, 'बाबा रे, सारखं येणार हे तुला घेतल्यावर कळतं. घेण्याआधी कळतं ते तुझं म्हणणं.' या कडकपणामुळं पोरांनी माझं नाव पाडलं होतं. मी वऱ्हांड्यातून चालले की मागून कुजबुज यायची, 'तिसरं रीडिंग आलं, तिसरं रीडिंग.' मला ते ऐकू यायचं आणि खरं सांगते, आवडायचं. आपण कशासाठी तरी ओळखले जातो याचा माणसाला केवढा फुगारा असतो.

तेव्हा आम्ही गुलमंडीच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायचो. माझा नवरा दिगंबर चिकलठाण्याला बिअरच्या कारखान्यात होता. कागदावर त्याला एकेरीत लिहिते आहे. बोलताना जन्मभर 'अहो' म्हटलं. कारखान्यात प्रत्येकाकडं एकेक तुकडा असतो. कुणी जव भिजवतो, कुणी टाकीचं तापमान बघतो, कुणी बाटल्यांच्या पट्ट्यापाशी उभा राहतो. दिगंबरकडं तीन व्हॉल्व्ह होते. ते वेळेवर उघडायचे, वेळेवर बंद करायचे. एकदा जेवताना म्हणाला, 'बारा वर्षं झाली या कारखान्यात, आणि कुणी विचारलं तर मला बिअर करता येत नाही. स्वयंपाकघरात बारा वर्षं नुसतं झाकण काढायला उभं राहिल्यासारखं आहे.'

असं म्हणणारा माणूस पुढं काय करणार हे बायकोला आधीच कळतं. रंगनाथ भावजी त्याच कारखान्यात फिटर होते. फुलंब्रीकडचं शेतकरी घर, चार एकर भावांच्या हवाली करून हे नोकरीला आलेले, हर्सूलला पत्र्याचं घर बांधून राहिलेले. हाताला अशी नजर की मशीनवर नुसता हात ठेवून कुठला नट ढिला आहे ते सांगायचे. त्यांना पिण्याचं फारसं नव्हतं, पण दिगंबरच्या कुठल्याही खुळात ते सामील असायचे. दोघांनी मिळून घरीच बिअर करायचं ठरवलं आणि मला शेवटी सांगितलं.

मी नाहीच म्हणणार होते. घरी अशी दारू गाळणं, आंबवणं कायद्यात बसत नाही हे तिघांनाही ठाऊक होतं, आणि माझी तर शिक्षकाची नोकरी. पण दिगंबर पक्का होता. म्हणाला, 'सगळं आम्ही करू. फक्त लॅब तुझी. झालं की नाही, ते तू सांगायचं. तू झालं म्हटल्याशिवाय बाटलीला हात लावणार नाही.' माझ्यातल्या मास्तरणीला कशानं गुदगुल्या होतात हे त्याला बरोबर माहीत होतं. मी हो म्हटलं.

मग काय, चोरांचाच कारभार. जव आणि बिअरला कडवटपणा देणारे हॉप्स कारखान्यातून थोडे थोडे पिशवीत आले. यीस्ट तर जेवणाच्या डब्यात आलं, सगळ्यात खालच्या पुडात, वर पोळीभाजीचे पुडे रिकामे. वीस लिटरचा पांढरा कॅन आणला. त्याच्या तोंडाला रबरी बूच, बुचातून वाकवलेली काचनळी, नळीचं दुसरं टोक पेलाभर पाण्यात. नळी मी लॅबमधल्या बर्नरवर वाकवली. आत साखरेची दारू होते तेव्हा वायू सुटतो, तो या नळीतून बुडबुडा होऊन बाहेर येतो आणि बाहेरची हवा आत जात नाही. बाटल्यांसाठी मी आणि दिगंबर शहागंजला गेलो. बाटलीवाले चाचा माझ्याकडं बघून म्हणाले, 'भाभी, इत्त्या बोतलां कायकू होना?' मी तोंड वर करून सांगितलं, 'टमाट्याचा सॉस करायचाय.' चाचांनी बाटल्या बांधून दिल्या आणि म्हणाले, 'अच्छा बना तो हमकू भी चखाव.'

आता मुद्द्याचं सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. बिअर झाली हे कसं ओळखायचं? लोकांना वाटतं बुडबुडे थांबले की झाली. तसं नाही. थंडीत यीस्ट गारठून गप्प बसतं. बुडबुडे थांबतात, वरचा फेस बसतो, रस निवळतो, आणि आत साखर तशीच शिल्लक असते. ती बाटलीत बंद केली आणि पुढं ऊन वाढलं की यीस्ट जागं होतं, उरलेली साखर खातं, आणि वायूला जायला वाट नसते. म्हणून डोळ्यांवर आणि कानांवर भरवसा ठेवायचा नाही. हायड्रोमीटर घ्यायचा. दूधवाल्याचा लॅक्टोमीटर असतो ना, त्याचाच भाऊ. थोडा रस काढून उभ्या नळीत घ्यायचा, त्यात तो तरंगत सोडायचा. साखर जास्त तर तो वर राहतो, साखर संपत आली की खाली बसतो. आमचा रस सुरुवातीला सेहेचाळीसवर होता. तो अकरा-बारापर्यंत उतरायला हवा होता. आणि उतरला की लगेच झालं म्हणायचं नाही. तीन दिवस, रोज एकदा, तोच आकडा आला पाहिजे.

तीन दिवस, तीन रीडिंगं. हे मीच दिगंबरला शिकवलं. वहीत रकाने आखून दिले.

संक्रांतीनंतरचे दिवस होते. त्या वर्षी थंडी लांबली होती. रंगनाथ भावजी गावाकडनं हुरड्याची कणसं घेऊन आले होते, ती आम्ही अंगणात गोवऱ्यांवर भाजून खाल्ली होती, आणि आतल्या खोलीत पलंगाखाली, जुन्या ब्लँकेटात गुंडाळलेला तो कॅन बोलत होता. पहिल्या आठवड्यात सारखा टुप टुप टुप. दिगंबर कामावरून आला की चप्पल न काढता पलंगापाशी वाकायचा. पाळण्यात बघावं तसा बघायचा. आम्हाला मूल नव्हतं. पुढंही झालं नाही. त्याच्या त्या वाकण्याकडं मला सरळ बघवायचं नाही, म्हणून मी चहा टाकायला उठायची.

दुसऱ्या आठवड्यात आवाज मंदावला आणि मग थांबला. सोमवारी मी रीडिंग घेतलं, सतरा. मंगळवारी घेतलं, सतरा. अकरा-बारावर यायला हवं होतं, पण चोरीचे जव, कारखान्यात वापरून उरलेलं यीस्ट, थांबलं असेल सतरालाच असं मी धरलं. एक दिवस राहिला होता.

बुधवारी माझ्याकडं हळदीकुंकू होतं.

गल्लीतल्या वीस-बावीस बायका आल्या होत्या. बाहेरच्या खोलीत सतरंजी, दारात रांगोळी, वाण म्हणून स्टीलच्या छोट्या वाट्या. मधल्या दाराला पडदा. पडद्यापलीकडं पलंग आणि पलंगाखाली आमचं लेकरू. कॅनचं बूच काढलं की भपकारा सुटायचा, तेव्हा रीडिंग बायका यायच्या आधी घ्यायला हवं होतं, आणि ते तिळगुळाच्या गडबडीत राहून गेलं. तरी वास थोडा होताच. समोरच्या देशपांडे काकूंनी नाक मुरडलं. 'अगंबाई, आंबूस वास कसला गं?' मी म्हटलं, 'इडलीचं पीठ आंबायला ठेवलंय.' 'अय्या, मग उद्या सकाळी आम्हाला पण!' म्हणजे खोटं निस्तरायला आता इडल्या करणं आलं. मी हसून हो म्हटलं आणि मनात उडदाची डाळ मोजू लागले.

मग सगळ्यांनी नाव घ्यायचा आग्रह केला. उखाणा घ्यायला मी उभी राहिले. पहिली ओळ म्हटली, दुसऱ्या ओळीत दिगंबरचं नाव यायचं होतं, बायका ऐकायला गप्प झाल्या होत्या. त्या शांततेत पडद्यामागून आवाज आला. टुप्प.

एकच. पण चांगला ठणठणीत.

'काय वाजलं?' कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, 'नळ गळतो आमचा,' आणि उखाणा पुरा केला. बायका हसल्या, कुंकू लावलं, अत्तर लावलं, वाट्या वाटल्या. माझ्या डोक्यात मात्र तो एक बुडबुडा बसला होता. दोन दिवस गप्प असलेला कॅन बोलला होता. बावीस बायकांच्या वावरण्यानं खोलीत ऊब आली होती आणि त्या एवढ्याशा उबेनं तो हलला होता. केमिस्ट्री शिकवणाऱ्या बाईला याचा अर्थ कळत नाही असं होतच नाही. मला कळला. आणि लगेच मी त्याला उत्तरही शोधलं, की द्रावात विरघळलेला वायू ऊब लागली की तसाही बाहेर येतो, त्यानं काही सिद्ध होत नाही. हे उत्तर खोटं नाही. परीक्षेत लिहिलं तर पुरे मार्क मिळतील.

संध्याकाळी दिगंबर आला. मी दमले होते, ओटा खरकट्यानं भरला होता, डाळ भिजत घालायची होती. त्यानं पलंगाखाली वाकून विचारलं, 'आजचं घेतलंस?' मी वही काढली, बुधवारच्या रकान्यात सतरा लिहिलं आणि म्हटलं, 'सतराच. झालं.'

सुबक अक्षरात लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी गल्लीत पाच घरी इडल्या गेल्या. रजा टाकून दोघं मित्र बाटल्या भरायला बसले. बाटलीत फेस यावा म्हणून प्रत्येक बाटलीत एकेक चमचा साखर घालतात. तो चमचा दिगंबरकडं होता. तो इतका खुशीत होता की काय विचारता. रंगनाथ भावजींच्या चार बाटल्यांत साखर घालताना त्यानं चमच्यावर शीग ठेवली आणि म्हणाला, 'रंग्या, तुझ्या बाटल्यांना धुळवडीला जोर पाहिजे.' भावजी म्हणाले, 'आरं लई नगं, माझी बायकू म्हनंल फेसच पाजला.' आम्ही तिघं खूप हसलो. शीग म्हणजे किती, पाव चमचा असेल. पाव चमच्यानं बाटली फुटत नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकते, पण तेव्हा जिथं सांगायचं तिथं सांगितलं नाही.

मग अशीच थंडी गेली. एका आठवड्यात गेली. पंखे सुरू झाले, प्रॅक्टिकल परीक्षा सुरू झाल्या, मी पोरांच्या वह्यांवर रेघा मारत होते. हर्सूलला भावजींच्या घरावर पत्रा होता. धुळवडीच्या दुपारी त्यांनी कोपऱ्यातली बाटली मानेशी धरून उचलली आणि ती हातातच फुटली. तळहात फाटला, दोन बोटांच्या शिरा तुटल्या. त्यांच्या बायकोनं, सुमननं, लुगडं फाडून हात बांधला आणि घाटी दवाखान्यात नेलं. सोड्याची बाटली फुटली म्हणून सांगितलं. जखम भरली. पण अंगठ्याजवळची दोन बोटं पुन्हा वाकली नाहीत. हात पुढं केला की ती दोन आशीर्वाद दिल्यासारखी सरळ राहायची. ज्यांच्या हाताला नजर होती असं मी वर लिहिलं, त्यांना पुढं पाना धरता आला नाही. कारखान्यानं त्यांना गेटवर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहायला, तीही डाव्या हातानं शिकून.

त्या संध्याकाळी दवाखान्यातून घरी आल्यावर दिगंबर वही घेऊन बसला. घरात उरलेल्या बाटल्या आम्ही ओल्या पोत्याखाली धरून एकेक उघडल्या होत्या आणि प्रत्येक बाटली छतापर्यंत उडाली होती. शीग नसलेल्यासुद्धा. त्यानं वहीतली तिन्ही रीडिंगं पाहिली. बोट ठेवून पाहिली. म्हणाला, 'तुझं तर चुकणार नाही. तीन दिवस सतरा आहे. म्हणजे आंबणं संपलं होतं. म्हणजे साखर. माझा चमचाच जास्त पडत होता, आणि रंग्याच्यात तर मी शीग लावली.' इतकं नीट, पायरी पायरीनं मांडलं त्यानं, की मी शिकवलं त्याचंच चीज झालं म्हणायचं. फक्त पहिली पायरी मी खोटी करून ठेवली होती.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा होतं. पण तो रडायला लागला आणि मी त्याला धरून बसले, आणि वेळ गेली. वेळ गेली असं लिहिलं तरी ते खरं नाही. वेळ दुसऱ्या दिवशीही होती. पस्तीसपैकी तेहतीस वर्षं, रोज सकाळी होती.

त्यानं पुन्हा बिअर केली नाही. प्यायलाही नाही. आठवड्यातून एकदा सायकल काढून हर्सूलला जायचा, पुढं स्कूटरवर, पुढं रिक्षानं. भावजींच्या घरचं जे काम दोन हातांचं असेल ते करून यायचा. नळ बदल, पत्र्याला डांबर लाव, पोरीच्या लग्नात मांडवाचे खांब रोव. त्याला फिटरकाम येत नव्हतं, तो ते शिकला. चहात साखर घालताना चमचा वर धरून बोटानं सपाट करायचा. पाहुणे म्हणायचे, वहिनी, साहेबांना डायबिटीस का? तो हसायचा. मी समोर बसून कप विसळत असायची. रोज सकाळी तेवढं एक बोट चमच्यावरून फिरायचं आणि मी त्याच्याकडं बघत नाही असं दाखवायची.

अपराधाला आंबवणाची उपमा देणं फार सोपं आहे, हे लिहिताना दोनदा पेन तिकडं वळलं. मी देणार नाही. रस आंबायचा कधीतरी थांबतोच, त्यात खायला काही उरत नाही. माझ्या बाबतीत तसं झालेलं नाही. शिवाय उपमा दिली की आपण काही सुंदर केल्यासारखं वाटतं. मी काही सुंदर केलेलं नाही. मी एका भल्या माणसाला दुसऱ्या भल्या माणसापुढं तेहतीस वर्षं मान खाली घालून बसवलं, आणि स्वतः कॉलेजात जाऊन सतरा-सतरा वर्षांच्या पोरांच्या वहीवर रेघा ओढत राहिले. उलट नंतर जास्तच. एका मुलीला तर मी त्या एका आकड्यासाठी रडवलं होतं. तिचं नाव लक्षात नाही, रडताना ओढणीचं टोक तोंडात धरलं होतं ते लक्षात आहे.

दिगंबर दोन वर्षांपूर्वी गेला. आजार लांबला होता, बोलायला भरपूर दिवस मिळाले. एका दुपारी तो म्हणाला, 'रंग्यानं मला माफ केलं बरं का. पण त्यानं केलं म्हणून काय झालं.' मी पाण्याचा ग्लास त्याच्या ओठाला लावला. तेव्हासुद्धा. याहून जास्त मला स्वतःबद्दल लिहिता येत नाही.

यंदा पंखा लावायच्या आधीच, गेल्या गुरुवारी, मी हर्सूलला गेले. का गेले, यंदाच का, ते नीट सांगता यायचं नाही. शेजारच्या घरी बारावीतली मुलगी आहे, ती फोनवर मैत्रिणीला जोरात सांगत होती, 'अगं तिसरं टाक ना तसंच, कोण बघतंय.' मी जिन्यात होते. तशीच खाली उतरले आणि रिक्षा केली.

रंगनाथ भावजी ओट्यावर गहू निवडत बसले होते. सुमन लेकीकडं गेली होती. मला बघून ते उठायला लागले, मी बसा म्हटलं. 'या वहिनी, या. उन्हाच्या कशाला आल्या? फोन करायचा, म्याच आलो आसतो.' डाव्या हातानं खडे वेचत होते. उजवा हात सुपाच्या कडेवर नुसता ठेवलेला.

मी सांगितलं. सरळ, सुरुवातीपासून. हळदीकुंकू, बुडबुडा, वहीतलं सतरा. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. एवढ्याशा गोष्टीला मी इतकी वर्षं लावली होती.

ते खडे वेचायचे थांबले. मग म्हणाले, 'म्हंजी साखर बराबर व्हती?'

'हो भावजी. साखरेनं काही झालं नाही.'

'शीग लावली तरी?'

'शीग लावली तरी.'

'अन् हे तुम्हाला तवाच ठावं व्हतं.'

मी मानेनं हो म्हटलं. मला वाटलं आता ते हाताच्या बोटांकडं बघतील. त्यांनी बघितलं नाही.

'त्यो इथं बसायचा,' ते म्हणाले. 'ह्याच जागी. दर येळंला जायच्या वक्ताला म्हनायचा, रंग्या, म्या तुजा हात घालवला. म्या म्हनायचो, आरं जाऊ दे ना, किती दिस तेच. शेवटी शेवटी मला राग यायचा त्याचा. म्हनलं ह्यो मला इसरू बी देत नाय. एकदा दाराला कडी लावून आत बसलो, रिक्षा वाजली तरी उघडलं नाय. त्यो बाहीर उभा राहून गेला.' त्यांचा आवाज चढला होता. इतक्या वर्षांत मी तो चढलेला ऐकला नव्हता. 'आन् तुमी आज मला सांगता? मला काय करायचंय त्याचं? माजी बोटं तवाच गेली. मला सवं झाली. वहिनी, हे त्याला सांगायचं व्हतं. एकडाव सांगायचं व्हतं.'

'धीर झाला नाही,' मी म्हटलं.

'त्यो काय तुम्हाला मारनार व्हता का? त्यानं कवा आवाज तरी वाढिवला का तुमच्यावर?'

तसं विचारण्यासारखं त्यात काही नव्हतं, उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं.

'तुमी जावा आता,' ते म्हणाले. 'म्या काय वाईट बोलनार नाय तुम्हाला. पर जावा. आज मला तुमच्याकडं बघवत नाय.' आणि ते पुन्हा गव्हात बघायला लागले, पण हात चालत नव्हता. डोळे पुसायला त्यांनी उजवा हात उचलला आणि ती दोन सरळ बोटं कपाळाला लागली, तेव्हा मी उठले.

रस्त्याला रिक्षा मिळेना. हर्सूलच्या तलावाकडून वारा येत होता. मी उन्हात उभी होते आणि आश्चर्य म्हणजे मला थोडं हलकं वाटत होतं, आणि हलकं वाटल्याची लाजही वाटत होती. या सगळ्यात तोवर माझ्यावर कुणी रागावलंच नव्हतं. माझ्या वाटणीचा राग इतकी वर्षं कुणीच मला दिला नव्हता, तो त्या दिवशी मिळाला. रंगनाथ भावजी पुन्हा बोलतील की नाही, मला माहीत नाही. नाही बोलले तरी त्यांचं बरोबर आहे. पण ज्यानं माझ्यावर खरं रागवायचं होतं, तो माझ्यावर विश्वास ठेवूनच गेला.